सोमवारी, लोहचुंबक ओढताना

शेवटची बस गेली की इंगेलिस ट्रॅक्टर काढते.
मागे साखळीला माणसाच्या लांबीचा लोहचुंबक.
पेरणी नव्हे ही, तरी तसंच चालायचं,
कुंपणापासून कुंपणापर्यंत, तास न मोडता.

तंबूच्या मेखा, बिअरची बुचं,
केसांच्या पिना, एक चावी, जिचं कुलूप
आत्ता बहुधा आर्हुसला कुणी तोडतंय.
कालपर्यंत इथे सत्तर हजार माणसं होती.
सहा किलोमीटर पाण्याची नळी, बाराशे संडास,
एक दवाखाना, हरवलेल्यांसाठी एक तंबू
आणि त्यात पहाटे चारला
स्वतःचंच नाव विसरलेला एक उंच मुलगा.
आज माश्या,
आणि गवतावर तंबूंचे फिकट चौकोन,
भिंतीवरून तसबीर काढल्यावर राहतात तसे.

सुरुवात बापाने केली. चौऱ्याहत्तर साली
तीन केसाळ पोरं दारात येऊन म्हणाली,
रान देता का, दोन दिवसांसाठी?
थोरवाल्डने भाडं नाही विचारलं. विचारलं,
"हगायला कुठे जाल?"
पोरांनी एकमेकांकडे पाहिलं.
मग त्यानेच उत्तरेच्या बांधाला चर खणला,
गोठ्यातून वीज ओढली,
गवताच्या दोन गाड्या जोडून मंच केला.
अट एकच: धारा काढायच्या वेळी गाणं बंद.
पाचला गिटारी थांबायच्या
आणि नऊशे माणसं उन्हात बसून
यंत्राची धकधक ऐकायची.

शहरातून अभ्यासक येतात, वहीत लिहितात: वारसा.
ती त्यांना बांधाकडे नेते.
बघा, इथला जव अजून
हातभर पट्ट्यात गर्द उगवतो.
आणि गायलं कोण?
एक दाढीवाला. बेसूर होता, आई सांगायची.

तिसऱ्या वर्षी माग्दा मेली.
वीस लिटरची गाय. खाणं सोडलं,
पाठीची कमान केली, कण्हत राहिली.
डॉक्टरांनी फाडल्यावर निघाला
मेखेचा बोटभर तुकडा,
काळजाच्या दिशेने सरकलेला.
बाप काही बोलला नाही.
पुढच्या वर्षीही रान दिलं,
फक्त प्रत्येक गाईला गिळायला लावला
अंगठ्याएवढा लोहचुंबक,
जन्मभर पोटात राहणारा.

तेव्हापासून मोठा रानावर फिरतो,
लहान गोठ्यात रवंथ ऐकत पडून असतात.

गाय गेली की खाटीक तेवढं परत पाठवतो,
कागदात गुंडाळून.
परवा ऑगस्टाचा आला.
त्याला चिकटलेला एक खिळा, पत्र्याची कपची,
आणि वेटोळं घातलेली पोलादी तार.
इंगेलिसने ती खिडकीशी धरली.
गिटारची. सगळ्यांत बारीक,
सगळ्यांच्या आधी तुटते ती.

अकरा वर्षं दिवसातून दोनदा
ऑगस्टा दूध देत होती,
ही आत घेऊन.

तार आता सदऱ्याच्या खिशात आहे, टोचते अधूनमधून.
उत्तरेची बाजू ओढायची राहिलीय,
आणि उद्या गाई सोडायच्यात.