बारदान वजा

रात्री शटरवर ठकठक.
दोनदा उठलो, म्हटलं कर्नाटकातनं ट्रक आला.
शटर वर केलं तर ही.
मागचा पाय कानामागं,
आणि दर खाजवण्याला कोपर पत्र्यावर.
सांगलीच्या यार्डात त्या वेळी दुसरा आवाज नसतो.

बिराप्पानं तिचं नाव कणी ठेवलेलं,
हळकुंड मोडल्यावर पोत्याच्या तळाला उरते ती.
तेव्हा अंगावर केस होते.
दसऱ्यापर्यंत कान उघडे पडले,
मग कोपरं, मग शेपटीचं मूळ,
काखेतली कातडी जाड, करडी, चिरा पडलेली,
आणि जवळ गेलं की वास,
ओल्या पोत्यात आठ दिवस कोंडलेल्या पेंडीचा.

यार्डात सल्ल्याला भाव नसतो, म्हणून आवक फार.
गॅरेजवाला म्हणाला, जळकं ऑईल चोपडा.
अडत्याचा दिवाणजी: गंधक, खोबरेलात कालवून.
एक जण: अंकलीच्या पुलापलीकडं सोडून या,
बघायला नको.
आणि हळद?
हळद ती रोजच लावून घ्यायची,
पॉलिशच्या ढोलाखाली लोळून लोळून
पिवळीधमक, बोहल्यावर चढायला निघाल्यासारखी.
खाजवली की पिवळा धुरळा उडायचा
आणि त्या धुरळ्यात ती पुन्हा खाजवायची.

मी बघत होतो दोन महिने.
शेवटी माझ्याच मनगटाला खाज सुटली
तेव्हा हललो. खोटं कशाला सांगू.

मिरज रस्त्याच्या दवाखान्यात
मुजावर मॅडमनी बोथट ब्लेडनं तिचं कोपर खरवडलं,
रक्ताचा ठिपका दिसेपर्यंत.
कणी ओरडली नाही. जांभई दिली.
काचेवर तेलाचा थेंब. म्हणाल्या, बघा.
बघितलं.
गोल, पाण्यासारखं आरपार काहीतरी
आठ आखूड पाय सावकाश हलवत होतं,
आपल्याच घरात असल्यासारखं.
मी क्विंटलाचा माणूस.
एवढ्याशा जिवानं अख्खं कुत्रं सोललं.

ऑईल लावलं का?
नाही.
वाचली. चाटून पोटात गेलं असतं.
खालची पोती जाळा. हात साबणानं धुवा.
तुमचं मनगट तुमच्या डॉक्टरला दाखवा.
आणि हिचं वजन सांगा, गोळी किलोवर असते.
आमचा काटा महिनाभर बंद आहे.

एकतीस वर्षांचा तोलार मी.
गप्प उभा राहिलो.

यार्डात कणी काट्यावर ठरेना.
अंग थरथरलं की आकडाही थरथरतो.
मग तिला उचलली, छातीशी घट्ट धरली,
आणि मीच चढलो.
त्रेसष्ट चारशे.
तिला उतरवली, पुन्हा चढलो.
एकावन्न नऊशे.
बिराप्पा पावतीबुक उघडून बसलेला,
सवयीनं विचारता झाला,
बारदान किती वजा करू?
म्हटलं, एकावन्न नऊशे.
आधी हसला.
मग पेन्सिल तशीच धरून माझ्याकडं बघत राहिला.
मामा, बारदान लई हलकं झालंय.

या काट्यावर लोकांचा माल चढवला,
व्यापारी भांडले, पोती फाटली, पावसात ताडपत्री धरली,
पण रिकाम्या हातानं
मी कधी चढलो नव्हतो.

मालाचं वजन: साडेअकरा.
पावती अजून आहे माझ्याकडं.
मालाच्या नावाच्या रकान्यात
बिराप्पानं 'कणी' लिहिलंय, भावाच्या रकान्यात आडवी रेघ.

पंधरा पंधरा दिवसांनी गोळी, गुळाच्या खड्यात.
पहिल्यांदा गूळ खाल्ला, गोळी थुंकली.
औषधाच्या पाण्यानं आंघोळ, दहा मिनिटं फेस तसाच,
ती दहा मिनिटं तिला धरून बसायचं,
दोघांनी कुडकुडायचं.
बिराप्पाच्या डब्यात तेव्हापासून दोन भाकरी जास्त.
एक कणीची.
दुसरी कुणाची ते त्यानं सांगितलं नाही,
नुसती पुढं सरकवायचा.

संक्रांतीच्या सुमाराला
कानामागं बोटाला काहीतरी लागलं,
मक्याच्या कणसाच्या शेंड्याला असतं तसं मऊ.
रंग मात्र पूर्वीचा नाही, थोडा काळपट.
हळद धुऊन गेल्यावर कळलं,
ती मुळात पिवळी नव्हतीच.

काल रात्री पुन्हा शटरवर ठक.
उठून बसलो, चप्पल शोधली,
कान देऊन थांबलो.
एकदाच.
साधी खाज.
कुत्र्याला असते तेवढी.