जागा

कुंदा माहुरकर माझ्यापेक्षा चार बोटं बुटकी.
कंपूतल्या त्या सिमेंटच्या कोर्टवर,
जिथं फ्री-थ्रोची रेघ दर रविवारी
चुन्यानं नव्यानं ओढावी लागे,
तीन वर्षं तिला अडवायचं काम माझ्याकडं होतं.
शाळा वेगळ्या, पण सकाळी दोघी भदौरिया सरांकडं.

लोक म्हणत, ती पळते जोरात.
खोटं. पळण्यात मी तिच्यापुढं होते,
शर्यतीतले दोन पेले अजून आहेत घरी,
एकात टूथब्रश.
ती हळू व्हायची. तेवढंच.
भर वेगात एकदम सैल पडायची,
चुलीवर दूध राहिलंय हे आत्ता आठवल्यासारखी,
खांदे खाली, चेंडू कमरेशी, मान किंचित वर,
आणि माझे गुडघे, मला न विचारता, सरळ होत.
गुडघे सरळ झाले की मी दार नाही,
नुसती चौकट.

सर ओरडत, 'कमर देखो, आँख मत देखो!'
मी कमर बघू लागले.
तिला ते कळलं त्याच आठवड्यात
ती कमरेनं खोटं बोलायला शिकली.

उजवा पाय वीतभर पुढं. फक्त पाय.
मी मागं सरकले तर तिथूनच शॉट,
नाही सरकले तर तोच पाय खरा होऊन
माझ्या कुशीवरून पार.
कधी खांदा टेकवायची छातीला,
धक्का नाही, बाड्यावरच्या गर्दीत
ओळखीचं माणूस टेकतं तसा.
मी रेटायचे,
आणि माझ्याच रेट्यावर ती मागं उडायची.
चेंडू तिच्या कपाळावर,
आमच्या मध्ये हातभर उजेड.
खर्च सगळा माझा.

तिचे काका जनकगंजात ख्याल शिकवत.
वीज गेलेली, खिडक्या उघड्या,
आतून कुणीतरी म्हणे, 'वा, काय जागा घेतली!'
एकदा सायकली हातात धरून जाताना मी विचारलं,
तुला पण अशीच सापडते का गं?
म्हणाली, 'काकांना सापडते. मी पाडते.'
आणि माझ्या टाचेकडं बोट केलं.
'ही. टेकली की मला कळतं.'

त्यानंतर मी टाच टेकलीच नाही.
पोटऱ्या रात्री दगड होत,
आई एरंडेल चोळता चोळता
बास्केटबॉल शोधणाऱ्याच्या सात पिढ्या काढायची.

जिल्ह्याचा शेवटचा सामना, मे महिना,
लू अशी की किल्ला धुळीत पुसट झालेला.
आम्ही एकानं पुढं. चेंडू तिच्याकडं.
ती सैल पडली. मी वाकलेलीच.
पाय आला. मी जागची हलले नाही.
खांदा टेकला. रेटलं नाही.
मग तिच्याजवळचं सगळं संपलं.
थांबली. माझ्याकडं बघितलं,
पहिल्यांदाच, डोळ्यांत.
मला वाटलं, जिंकले.

तिनं उगाच घाई केली नाही.
पुतळ्यासमोर कोण करतं?
दोन्ही हात वर घेऊन, शाळेत शिकवतात तसा,
साधा शॉट.

रिंगला जाळी नव्हती.
आत गेला की बाहेर, आवाजावरून कळेना.
मी खाली बघितलं.
टाच टेकलेली होती.