अठ्ठ्यांची जोडी

जरीपटक्यात लधानींच्या कूलरच्या दुकानावर
दुसरा मजला, मे महिना, रात्रीचे साडेदहा.
सत्तावीस जण, तीन टेबलं.
पहिलं बक्षीस मोठा कूलर, दुसरं पंप,
तिसरं वाळ्याच्या ताट्या.
चौथ्याला चहा.

पानांचा कोपरा अंगठ्यानं उचलते:
इस्पिक अठ्ठी, चौकट अठ्ठी.

एक्के आले की हात आपोआप पुढे जातो.
दुऱ्या आल्या तर हसत टाकता येतात.
अठ्ठ्या आल्या की
आधी चष्मा सावरावा लागतो.

बावनकर सर, हिशेब खात्यातून निवृत्त,
शेजारच्या खुर्चीवरून पुटपुटतात,
वही मांडीवर, पेन कानावर:
'आठ-साडेआठदा बघाल तेव्हा एकदा
तिसरी अठ्ठी खाली उतरते, मॅडम.
बाकी वेळा आपल्याहून मोठं कुणीतरी
टेबलावर येऊन बसलेलं असतंच.
स्वस्तात दिसलं तर बघा,
महागात सोडा. त्यात लाज नाही.'

सुरुवात होती, चिप्स ढीगभर, मी बघितलं.
राजा, सत्ती, तिर्री.
मेश्रामनं माझ्याकडे न बघता
रकमेचा एक मनोरा पुढे सरकवला.
मी त्या राजाकडे बघत राहिले,
घरच्या बैठकीत उशिरा येऊन
सगळ्यात चांगली खुर्ची घेणाऱ्या पाहुण्याकडे बघावं तशी,
आणि अठ्ठ्या पालथ्या टाकल्या.
त्यानं पानं उघडली: गुलाम, दश्शी. काहीच नव्हतं.
'काहून टाकल्या वो ताई,
जिंकून ऱ्हायल्या होत्या तुम्ही!'

आम्ही तिघी बहिणी.
थोरलीचं नाव वडिलांनी पत्रिका बघून ठेवलं,
धाकटीचं सगळ्यांनी मिळून, चिठ्ठ्या टाकून.
माझं आत्यानं सुचवलं, गाडी पकडता पकडता,
आणि दुसरं कुणाला सुचलं नाही.
हे मला तेव्हाच का आठवावं?
कूलरचं पाणी संपलं होतं, तो नुसताच घुमत होता,
कुणीतरी बादली आणायला खाली गेलं.

दीड वाजता चौघे उरलो.
ब्लाइंड्स एवढे चढलेले
की माझ्यासमोरचा ढीग नऊ वेळा भरला तर संपणार.
आणि पुन्हा त्याच. या वेळी किलवर आणि बदाम.
आता तिसरीची वाट कोण बघणार?
वाट बघणं ही भरल्या घरची चैन.
बावनकर सरांची वही मिटलेली, ते केव्हाच बाहेर.
मी ऑल-इन म्हटलं,
बँकेत टोकन नंबर सांगावा तशा आवाजात.

मेश्रामकडे एक्का-राजा, आणि माझ्याहून थोड्याच कमी चिप्स.
पंचावन्न-पंचेचाळीस.
उडवलेलं नाणं, फक्त एका कडेला
जरासं जास्त झिजलेलं.
नश्शी. चौक्की. दुर्री.
टर्नला आणखी एक चौक्की.
रिव्हरला राणी आली, तिचं कुणाशीच काही नव्हतं.
मेश्रामनं पाच मिनिटं भिंतीवरचं कॅलेंडर वाचलं,
मग चहा घेतला.

तीन वाजता तिसऱ्यांदा.
तुम्ही म्हणाल, बनवून सांगतेय. बावनकर सरांना विचारा,
ते खिडकीत उभे राहून तेवढंच लिहीत होते.
मी ढकललं. मोहननगरची ग्लेनिस,
दिवसा आठवीला भूगोल शिकवते,
तिनं बराच वेळ ओठ चावला, मग 'बघते' म्हणाली.
दश्श्यांची जोडी.
तीही मधलीच की,
माझ्याहून दोन पायऱ्या वर उभी.
ती पानं उघडताना 'सॉरी' म्हणाली.

खाली रस्त्यावर स्कूटरची सीट अजून कोमट.
लधानींच्या पोरानं ताट्या सुतळीनं बांधून दिल्या,
पायाशी मावेनात, म्हणून मागे उभ्या केल्या.
इंदोरा चौकातला सिग्नल नुसता पिवळा, उघडझाप.
थांबायचं की जायचं, तुमचं तुम्ही बघा.
पाठीला वाळा टोचत होता.
कोरडा होता, तरी त्याला वास होता.