बशी

बारीच्या प्रयोगशाळेत मी पेशींना
टोमॅटोचा लाल अर्क पाजते, थेंब मोजून.
काचेच्या बशीत त्यांची वाढ मंदावते.
वहीत तारीख, आकडा,
पुढे प्रश्नचिन्ह.

गावी दोनातो, माझे बाबा,
ऑगस्टभर टोमॅटो आटवतात,
वर ऑलिव्हचं तेल:
"तेलाशिवाय रंग अंगी लागत नाही,"
माझंच वाक्य मला ऐकवतात.

रात्री चारदा उठतात, ते सांगत नाहीत.
आई सांगते, दबक्या आवाजात.

"अगं, तुझ्या बशीत थांबतं ना?"
थांबतं, बाबा. पण बशीला
ना रक्त असतं, ना एकाहत्तर वर्षं.
सोमवारी रेडिएशन. गाडी घेऊन येते मी.

पलीकडे बाटलीत बूच ठोकल्याचा आवाज.
"बरं. दोन बाटल्या
डॉक्टरीणबाईंना ठेवतो."