ओटीपी माझ्याच फोनवर

घाटंजीच्या एसटी स्टँडसमोर, रसवंतीला लागून
साडेसात बाय नऊचं माझं दुकान.
झेरॉक्स दोन रुपये, फॉर्म पन्नास,
फोटो लहान करून देणे वीस.
पन्नास केबीच्या वरचा चेहरा
सरकारला चालत नाही.

तालुक्यातल्या निम्म्या पोरांच्या
आयांची नावं मला पाठ आहेत.
कोणाच्या भुवईवर व्रण, कोणाची व्हॅलिडिटी अडकली,
कोणाच्या सनदेत 'श्री'चा 'शी' झाला
आणि तो दुरुस्त होईस्तोवर भरतीच उरकली.
कोणाचा पासवर्ड कोणत्या पोरीच्या नावाचा,
हे मी मरेपर्यंत सांगणार नाही.

'अनुभव' या चौकटीपाशी सगळेच थांबतात.
सुकेशनी मेश्राम म्हणाली,
"लिहा नं दादा, चार वर्सं फॉर्म भरल्याचा अनुभव."
मी खरंच टाकलं. चौकट लाल झाली.
कृपया योग्य माहिती भरा.
मग आम्ही शून्य भरलं. शून्य चालतं.

माझं डी.एड. आहे.
भरती निघाली तेव्हा वय अकरा दिवसांनी पुढं गेलं होतं.
बस, तेवढंच. त्यावर आणखी काय सांगायचं.

पोरांची रिचार्जं संपलेली असतात,
म्हणून नंबर मी माझाच टाकतो.
ओटीपी माझ्याच फोनवर,
'प्रिय उमेदवार, खेद वाटतो' तेही माझ्याच फोनवर.
एकतीस जणांचा खेद
मी एकटा वाचतो, आणि ज्याचा त्याला
चहा पाजून सांगतो.

परवा पावणेतीनला फोन आला.
बुटीबोरीची कंपनी. बाईंचा आवाज एसीतला.
"अंकुश आत्राम बोलताय का?"
अंकुश अकरा किलोमीटरवर, जिनिंगमध्ये.
म्हटलं, पाच मिनिटं थांबता का मॅडम.
"सर, पाच मिनिटांत आमचा राउंड संपतो."

शटर अर्धं ओढलं
आणि म्हणालो, बोला. अंकुशच बोलतोय.

आयटीआय, वीजतंत्री, एकसष्ट पूर्णांक चाळीस.
आईचं नाव जनाबाई.
सगळं मीच भरलेलं, अडखळायचं कारण नव्हतं.
"नोटीस पिरियड किती?"
नाही म्हटलं.
"सध्याचं पॅकेज?"
त्यालाही नाहीच म्हटलं.
"तुम्हाला ही नोकरी का हवी आहे?"

हे फॉर्ममध्ये नव्हतं.
बाहेर रसवंतीचे घुंगरू वाजत होते.
मी म्हणालो, मॅडम,
एकदा सकाळी डबा घेऊन निघायचं आहे,
रस्त्यात कोणी बोलायला थांबवलं तर
'उशीर होऊन राहिला बावा' म्हणायचं आहे.

पलीकडं कीबोर्ड वाजला.
मी टायपिंगवाला, आवाजावरून ओळखतो:
तीन अक्षरं, मग एंटर.
"ठीक आहे. आम्ही कळवू."
परत लावला तर
या क्रमांकावर इनकमिंगची सोय नाही.

गाडी काढून जिनिंगवर गेलो.
अंकुश सरकीच्या ढिगाआडून आला,
केसांत, भुवयांत रुई,
एका दुपारीत म्हातारा झाल्यासारखा.
सगळं सांगितलं. शेवटचा प्रश्न सोडून.
त्यानं तोंडावरचा रुमाल खाली केला.
"मंग काय म्हणे थे?"
कळवतो म्हणे.
"कोणाले?"

तेव्हापासून फोन उशाशी ठेवतो.
रात्री दोनदा उठून पाहिलं,
रेंज आहे.