दोन पानं राखून

ग्वातेमालाच्या उत्तरेला, पेतेनच्या रानात
चिकूची झाडं देवळाच्या शिखराएवढी.
आपल्या चिकूचं माहेर हे.
खोडांवर तिरक्या चिरा, भरून आलेल्या,
आज्यांच्या कोयत्यांच्या.
चीक काढायचा, आणि मग
झाडाला काही वर्षं विसरून जायचं,
असा रिवाज.

बेनिल्दा चिकातली नाही, पानांतली.
शातेची पानं. सावलीत वाढणारा बुटका पाम.
पूर्वी वजनावर घ्यायचे, मग काय,
माणसं झुडपं बोडकी करायची
आणि निम्मं ओझं डागी म्हणून शेडमागे कुजायचं.
रान गावाच्या हाती आलं, करारानं,
तेव्हापासून मोजून घेतात, शेकड्यावर.
डाग नको, भोक नको, टोक फाटलेलं नको,
आणि झाडावर दोन पानं राहिलीच पाहिजेत.
एक झाडाला, ती नव्या पोरींना सांगते.
आणि दुसरं?
दुसरं आपल्या लाजेला.

थंडगार खोक्यांतून पानं दूरदेशी जातात,
कुणाच्या तरी शवपेटीभोवती लागतात.
तिनं एकदाच विचारलं होतं ट्रकवाल्याला,
हिरवी राहतात का शेवटपर्यंत?
तो म्हणाला, मेलेल्यापेक्षा जास्त दिवस.

ती समितीची सचिव. मंगळवारी
झाडाला बांधलेल्या कॅमेऱ्याचं कार्ड आलं.
जनरेटर खोकत होता,
खजिनदार फाउस्तो डिझेल आणायला गेलेला.
एकेक फोटो.
जॅग्वार, दोन चाळीस, घरमालकासारखा,
कुठं जायची घाई नसलेला.
मग वाऱ्यानं हललेलं एक पान,
त्याचेच अकरा फोटो.
मग शनिवार, पहाटे तीन बावन्न:
कपाळावर बॅटरी, वाकलेली पाठ,
पाठीवर तापिराचं पिल्लू.
कलिंगडासारखे पट्टे अजून गेले नव्हते अंगावरचे.

चेहरा नव्हता फोटोत.
पण डावा पाय बाहेर पडलेला,
आणि तो पाय तिनंच बांधला होता,
खेचरानं लाथ मारली त्या वर्षी,
फाटक्या परकराच्या चिंध्यांनी.
लिसांद्रो. पाठचा भाऊ.

एक बटण दाबलं असतं तर झालं असतं.
बाराव्यांदा हललेलं पान, म्हणता आलं असतं.

तिला रविवार आठवला.
त्याच्या अंगणात रस्सा, मक्याच्या भाकऱ्या.
रानडुक्कर आहे, म्हणाला होता,
तिच्याकडे न बघता.
मऊ होतं मांस. फार मऊ.
तिनं दुसऱ्यांदा वाढून घेतलं होतं.

वही ओढली. तारीख, वेळ, जागा, प्राणी.
‘इसम’ या रकान्यात नाव घातलं, पूर्ण,
आईच्या आडनावासकट.
पेन टेकवून ठेवलं. पुन्हा उचललं.
खाली, रकाना नव्हता तिथं, समासात लिहिलं:
खाणारी, बेनिल्दा. दोन वेळा.

दंड दोघांना झाला.
त्याला हंगामभर रानबंदी, तिला कमी.
का कमी, यावर बैठकीत भांडण झालं,
आणि भांडणारी एकटी तीच होती.

लिसांद्रो बोलत नाही आता.
पण मार्चात जाळरेषा साफ करायची पाळी आली,
वणवा पलीकडच्या कुरणांतून येतो दरसाल,
आणि पाळीतून कुणालाच सूट नाही.
चार मीटर रुंदीची पट्टी, खाली नुसती माती,
काडी म्हणून ठेवायची नाही.
तो दक्षिणेकडून सुरू झाला, ती उत्तरेकडून.
दुपारी दाताळ्यांचे आवाज
एकमेकांना ऐकू येऊ लागले.
वर वानरं हुंकारत होती.
कुणी थांबलं नाही, कुणी वेग वाढवला नाही.

दोघांच्या मध्ये अजून
चाळीसेक पावलांचा वाळका पाचोळा.