डावा का उजवा

लाकडाची अक्षरं होती ती. इंग्रजी, सगळी कॅपिटल.
मिरजेला एका बुडालेल्या सर्कशीच्या भंगारात मिळाली.
दस्तगीर कंपोझिटरनं छापखान्याच्या फरशीवर पोतं ओतलं
तेव्हा मालक म्हणाले, ही कुठली पैदास?

उंच. जत्रेच्या एसटीत उभं राहावं तशी अंग चोरून उभी.
कंबर मुठीत मावेल एवढीच,
पण पाय जाड, चौकोनी, बूट घातल्यागत,
आणि गुडघ्याला दोन्ही बाजूंनी काटा.
घोडा बाहेर बांधून
नुकतीच आत आल्यासारखी.

दस्तगीर म्हणाला, "पैलवान हैत. उपाशी हैत, पण पैलवान."

खासबागेच्या मैदानाची पोस्टरं छापायची होती.
वर गावाचं नाव इंग्रजीत, खाली मराठीत जोड्या.
ओ निघाला, एल निघाला, पार आरपर्यंत सगळे निघाले.
के नव्हता.
पोतं झटकलं, उलटं केलं, रॉकेलचा डबासुद्धा चाळला.
ओल्हापूर, मालक म्हणाले. छापा आता ओल्हापूर.

मी चौदाचा, शाई घोटणारा.
मला सायकलवर पुढं बसवून दस्तगीर सुभाषनगरला गेला,
रावबा सातपुत्यांच्याकडं.
रावबांनी कागदावरचा के
पायाचं माप घ्यावं तसा जमिनीवर ठेवला,
अंगठ्यानं दाबला, आणि विचारलं,
"डावा का उजवा?"

दस्तगीर हसला नाही.
आयुष्यभर अक्षरं उलटी वाचलेला माणूस तो.
"डावा," म्हणाला, विचार करून.

म्हशीच्या कातड्याचे थर, एकावर एक,
वादीनं शिवलेले, रापीनं तासलेले,
बाभळीच्या सालीचा वास.
रावबांना इंग्रजी येत नव्हतं. काटा येत होता.
आठ दिवसांनी हातावर दोन के ठेवले.
"एकच पायताण कोण करतं का?"
पैसे एकाचेच घेतले.

पोस्टर निघालं.
सात अक्षरं सुकी, लाकडाच्या शिरा उमटवणारी,
आणि के शाई पिऊन गच्च,
दुधावर वाढलेला गडी.
दाब पडला की वाजायचा. कर्र.
पाचशे कागद, पाचशे वेळा.
त्या रात्री झोपेत मला सारखं वाटत होतं
जिन्यावरून कोणीतरी वर येतंय.
कुस्ती कोणी मारली, आठवत नाही.

परवा मुलीनं संगणकावर एक फाँट दाखवला,
राजारामपुरीतल्या मैत्रिणीच्या कॅफेच्या पाटीसाठी.
तीच कंबर, तेच बूट, गुडघ्याला काटा.
"जुना वाटतो ना, बाबा?"
मी आधी के बघितला.
बरोबर होता, बाकीच्यांसारखाच.

डावा छापखान्याबरोबर गेला, भंगारात.
उजवा माझ्याकडं आहे.
हातात धरला की सरळ वाचता येतो,
म्हणून तर तो कधी छापला गेला नाही.
दिवाळीच्या आदल्या दिवशी त्याला एरंडेल चोळतो,
पायताणाला चोळतो तेच,
त्याच फडक्यानं.